घाटातला कातळ खालून वर वाचायचा: आंबेनळीत लाव्हाचे थर ओळखायची पद्धत

दर हिवाळ्यात मी ओळखीच्या लोकांना घेऊन पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढतो, आणि दर वेळी एकच प्रकार होतो. गाडी थांबली रे थांबली की सगळे कड्याकडे धावतात, एखादा चमकणारा खडा उचलतात आणि विचारतात की हा कुठला दगड. तोपर्यंत तो खडा कुठून निघाला, कुठल्या थरातला, की वरून गडगडत आलेला, हे कळायची सोय संपलेली असते. दगडाचं नाव नंतर पुस्तकात सुद्धा सापडतं हो, पण त्याची जागा एकदा गेली की गेली. म्हणून ही सगळी पद्धत आधी जागा, मग दगड अशा क्रमाने लिहिलीय आणि हा क्रम कृपया मोडू नका.

दुसरी एक गोष्ट आधीच सांगतो. लोक ज्वालामुखी म्हटलं की सुळका आणि वर खड्डा शोधतात, मग कोकणातला प्रत्येक टोकदार डोंगर त्यांना ज्वालामुखी वाटतो. इथे तसं काही नाहीये. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून पातळ लाव्हा पसरत गेला, एक थर, त्यावर दुसरा, असं करत करत. आज उरलाय तेवढाच पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. डोंगराचा आकार नंतर पावसाने आणि नद्यांनी कोरलाय. तेव्हा खड्डा शोधायचा नाही, थर मोजायचे आणि नशीब असेल तर भेग शोधायची.

तयारी: काय घ्यायचं, कधी जायचं

पावसाळ्यात जायचं नाही, म्हणजे नाहीच. जून ते ऑक्टोबर घाटात दरडी येतात, धुकं असतं, आणि बघायला गेलात तरी सगळा कातळ शेवाळ आणि गवताखाली असतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली ती याच डोंगररांगेत, हे विसरू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, हवा स्वच्छ असते आणि गवत वाळलेलं असतं. मार्चनंतर दुपारची धुरकट हवा लांबचं काही दिसू देत नाही.

सोबत घ्यायचं सामान थोडंच आहे:

- वही आणि पेन्सिल. पेन नको, घामाने आणि पाण्याने पसरतं.
- सोनार वापरतात तसलं दहापट भिंग.
- एक लोखंडी खिळा.
- अर्धी भरलेली, सरळ बाजूंची पाण्याची पारदर्शक बाटली. ही पिण्यासाठी नाही, का ते खाली सांगतो.
- उंची दाखवणारं अ‍ॅप असलेला मोबाईल. ज्या फोनमध्ये हवेच्या दाबावरून उंची कळते तो असेल तर उत्तम.
- फोटोत मापासाठी दहा रुपयांचं नाणं, ते २७ मिलिमीटरचं असतं.

हातोडा घेऊ नका. घाटातली बरीचशी जागा वनखात्याची आहे आणि रस्त्यालगतचा कडा ठोकला की वरचा सैल दगड खाली येतो, कोणाच्या तरी डोक्यावर. पडलेल्या तुकड्यांवर सगळं काम होतं.

टप्पा १: आदल्या संध्याकाळी लांबून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे सोडतात. सह्याद्रीचे हे कडे पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी ते सावलीत काळे ठिक्कर दिसतात आणि दुपारी तीननंतर उजळतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच पोलादपूर किंवा महाडला पोचा, गावाबाहेर एखाद्या मोकळ्या शेताच्या बांधावर उभे राहा आणि पूर्वेकडे डोंगराकडे अर्धा तास बघत बसा.

दिसेल काय तर पायऱ्या. उभा काळा कडा, मग झाडांची किंवा वाळल्या गवताची आडवी पट्टी, मग परत उभा कडा. प्रत्येक लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट आणि कठीण असतो, तो उभा राहतो. थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी पोखरलेला असतो, तो लवकर झिजतो, तिथे माती धरते, पाणी झिरपतं, झाडं येतात. म्हणजे झाडांची पट्टी ही दोन थरांमधली शिवण. वहीत कडे नाही, या पट्ट्या काढा, खालून वर नंबर देऊन.

तपासा: एक पट्टी डोंगरावर उजवीकडून डावीकडे लांबपर्यंत त्याच उंचीवर जातेय का? जात असेल तर ती शिवण. मध्येच खाली घसरलेली, तिरकी झाडांची रेघ असेल तर ती बहुतेक ओहोळ किंवा जुनी दरड, ती खोडून टाका.

टप्पा २: थांबायच्या जागा आधी ठरवा

सकाळी आठच्या सुमारास निघा. वळणावर, अरुंद पुलावर, किंवा जिथे कड्याला जाळी मारलीय तिथे थांबायचं नाही. जाळी आणि सिमेंटचा फवारा जिथे आहे तिथे दरड येते म्हणूनच तो मारलेला असतो. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर बसेल अशी चार-पाच ठिकाणं चढताना एकदा बघून घ्या, थेट प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत जा, मग खाली परत येऊन पहिल्या ठिकाणापासून सुरू करा. फेरी जास्त होते, पेट्रोल जास्त जातं, पण घाईघाईत भलत्या ठिकाणी थांबण्यापेक्षा हे शंभर टक्के बरं. एक माणूस कायम रस्त्याकडे बघत उभा राहील, त्याने कातळाकडे बघायचं नाही, पाळीपाळीने करा.

मुंबई-गोवा हायवेवर चौपदरीकरणात कापलेले ताजे कट बघून बऱ्याच जणांना मोह होतो, कशेडीत, परशुराम घाटात. कट सुंदर आहेत, मान्य, पण तिथे गाड्यांचा वेग आणि सैल दगड दोन्ही जास्त आहेत. तिथे पायी थांबू नका.

टप्पा ३: एका थराचे तीन भाग ओळखा

पहिल्या थांब्यावर कड्याला हात लावायच्या आधी दहा पावलं मागे या. आता एकच थर निवडा आणि त्याचा तळ, पोट आणि डोकं शोधा, त्याच क्रमाने.

तळ. हा सगळ्यात बारीक भाग आणि सगळ्यात जास्त लोकांच्या नजरेतून सुटणारा. थराच्या अगदी खालच्या हातभर भागात कधी कधी बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात, आत पांढरं किंवा हिरवट काहीतरी भरलेलं. ओल्या जमिनीवरून लाव्हा गेला की खालची वाफ आणि त्याच्यातलाच वायू वर चढायला बघतो आणि त्या नळ्या तशाच गोठतात. मी एकदा एका अशा नळीवर भिंग ठेवून बराच वेळ बसलो होतो, बाहेरून पातळ हिरवं अस्तर, त्याच्या आत दुधासारखी पांढरी भर, आणि ती नळी वर जाता जाता एका बाजूला कललेली, सुपारीच्या रोपाला वारा लागल्यासारखी. वरचा लाव्हा अजून सरकत होता म्हणून ती कलली. कल ज्या बाजूला, साधारण त्या बाजूला लाव्हा सरकला. पण एका नळीवरून दिशा ठरवू नका, निदान दहा नळ्या बघा आणि त्या जागी लाव्हा वळलाही असेल हे धरून चाला.

पोट. घट्ट, काळा-करडा, बुडबुडे जवळजवळ नाहीत, उभ्या चिरा पडलेल्या. थंड होताना आकसून पडलेल्या या चिरा, काही ठिकाणी त्यांचे पाच-सहा बाजूंचे खांब होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर हे लगेच ओळखता येईल, इथे मात्र इतके नीट खांब मिळतीलच असं नाही.

डोकं. बुडबुड्यांच्या पोकळ्या, खाली कमी आणि वर जाऊ तसतशा दाट. विहीर खणणारे लोक अशा पोखरलेल्या ठिपकेदार दगडाला मांजऱ्या म्हणतात. पोकळ्या पुढे भरल्या जातात, त्यात झिओलाइट, कॅल्साइट अशी फिकट खनिजं नाहीतर गारगोटी सापडते. काही थरांचं डोकं नुसतं पोखरलेलं नसतं, तर तुटक्या तुकड्यांचा लालसर खच असतो. लाव्हाची वरची साय गोठून फुटली आणि तशीच वाहत गेली की असं होतं.

चूक: पोकळ्या दिसल्या की लगेच थराचं डोकं म्हणून लिहिणं. तळाशी पण थोड्या पोकळ्या असतात. पोकळ्या वर दाट होत जातायत का ते बघितल्याशिवाय काही लिहू नका.

टप्पा ४: लाल पट्टा, आणि इथेच सगळे चुकतात

दोन थरांच्या मध्ये मातकट, विटकरी लाल पट्टा दिसतो, काही ठिकाणी चार बोटं, काही ठिकाणी कमरेपर्यंत. एक लाव्हा गोठला, त्यानंतर पुढचा यायला मध्ये वेळ गेला, तेवढ्यात वरचा पृष्ठभाग झिजला, माती किंवा राख साचली, आणि मग पुढच्या गरम लाव्हाने ती भाजली. खाली पडलेला लाल तुकडा ओला करून अंगठ्याने चोळा, अंगणाला काढायच्या गेरूसारखा रंग बोटाला लागतो.

आता चुका, कारण या एका पट्ट्यावर मी सगळ्यात जास्त वाद ऐकलेत.

पहिली, सगळं लाल म्हणजे जांभा समजणं. जांभा हा वरून झिजत गेलेला दगड, त्याच्या डोक्यावर लाव्हा नसतो. महाबळेश्वरच्या आणि पाचगणीच्या माथ्यावर तो आहे आणि रत्नागिरीकडे सड्यांवर आहे. घाटातला लाल पट्टा मात्र दोन काळ्या थरांच्या मध्ये दाबलेला असतो. वर बघा, वर काळा कातळ असेल तर जांभा नाही.

दुसरी, वरून वाहून आलेली माती. पावसात वरची लाल माती कड्यावरून ओघळते आणि सुकते, लांबून हुबेहूब पट्टा वाटतो. ओघळ असेल तर रंग वरवरचा असतो आणि त्याच्या रेघा उभ्या पडलेल्या असतात. खरा पट्टा कड्याच्या आत जातो.

तिसरी सगळ्यात मोठी. घाटाचा रस्ता नागमोडी असतो, एकच लाल पट्टा पहिल्या वळणावर दिसतो, मग पुढच्या वळणावर, मग परत त्याच्या पुढच्या, आणि लोक वहीत तीन पट्टे लिहितात. मागे एका ग्रुपने आंबेनळीत अकरा लाल पट्टे मोजले म्हणून मला मोठ्या आनंदाने कळवलं होतं, नंतर उंच्या टाकून बघितल्या तर त्यातले बरेच एकच होते. म्हणून प्रत्येक पट्ट्यापाशी मोबाईलमधली उंची लिहायचीच. फोनची उंची दहा-वीस मीटर मागेपुढे होऊ शकते, त्यामुळे दोन पट्टे तेवढ्याच फरकाने असतील तर ते वेगळे म्हणू नका, समोरच्या कड्यावर डोळ्यांनी पट्टा पुढपर्यंत जुळवून बघा. दाबावरून उंची देणारा फोन असेल तर सुरुवातीला आणि शेवटी एकाच ठिकाणी आकडा बघून घ्या, दिवसभरात हवेचा दाब बदलतो आणि आकडा सरकतो.

तपासा: आदल्या संध्याकाळी काढलेल्या चित्रातल्या शिवणींशी आजचे पट्टे जुळतायत का? चित्रात चार शिवणी आणि वहीत नऊ लाल पट्टे असतील तर चूक वहीत शोधा. उलट, प्रत्येक शिवणीत लाल पट्टा असेलच असं मात्र नसतं, पुढचा लाव्हा लगेच आला तर मध्ये काहीच साचत नाही.

टप्पा ५: थर तिरपे आहेत का, बाटलीने बघा

चढणीच्या रस्त्यावर उभं राहिलं की आडवे थर पण तिरपे वाटतात, कारण आपण रस्त्याला सपाट धरतो आणि रस्ताच चढता असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. अर्धी भरलेली बाटली हातात आडवी धरा, आतलं पाणी स्थिर होऊ द्या, एक डोळा मिटून पाण्याची रेघ आणि समोरच्या कड्यावरची शिवण जुळवा. पाणी कधी खोटं बोलत नाही. आंबेनळीत थर जवळजवळ आडवेच दिसतील. पनवेलच्या आसपास उत्तर-दक्षिण पट्ट्यात मात्र हेच थर पश्चिमेला, समुद्राकडे, वाकून झुकलेत, तिथे हीच बाटली वेगळं दाखवेल.

मोबाईलच्या कंपासवर इथे विसंबू नका. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या या काळ्या कातळात, लोहचुंबकी खनिज असतं, वीज पडलेल्या उघड्या कातळापाशी तर सुई भलतीकडे जाते, आणि गाडीच्या बॉनेटवर फोन ठेवून दिशा घेणारे लोक मी बघितलेत. गाडीपासून लांब, कड्यापासून पण चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या, आणि सूर्याशी पडताळा.

टप्पा ६: खडे तपासा, आता चालेल

आता खुशाल खाली पडलेले तुकडे घ्या. पण आधी ठरवा की हा तुकडा जागचा की आलेला. त्याच्यासारखाच दगड मागच्या कड्यात दिसतोय का? नसेल तर वहीत "आलेला" लिहा आणि त्यावरून कुठल्याही थराबद्दल काही ठरवू नका.

पोकळीतल्या पांढऱ्या भरावावर खिळ्याने रेघ ओढा. रेघ उठली नाही, उलट खिळ्याचंच लोखंड लागलं, तर ती गारगोटीच्या जातीतली. सहज रेघ उठली तर कॅल्साइट किंवा झिओलाइट असू शकतं. मग घरी आणून थोडी पूड करा, लिंबू पिळा, बुडबुडे आले तर कॅल्साइट. नुसत्या डोळ्यांनी बघून स्टिल्बाइट, ह्युलँडाइट अशी झिओलाइटच्या जातींची नावं फोटोखाली टाकायची घाई करू नका.

गोल गोळ्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. मुरमाच्या कटमध्ये फुटबॉलएवढे गोल दगड, भोवती कांद्यासारखे पापुद्रे. लोक त्याला ज्वालामुखीने फेकलेले गोळे म्हणतात. तसं नाही. चिरांमधून पाणी शिरतं, चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी कुजतात आणि आतला गाभा गोल उरतो. तपासायची खूण सोपी आहे, गोळे रांगेत आहेत का आणि मधल्या मुरमात जुन्या चिरांच्या रेघा दिसतायत का? दिसत असतील तर तो जागच्या जागी झिजलेला कातळ.

पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावं भूशास्त्रात लाव्हाच्या थरगटांना पण दिलेली आहेत. पण हे गट प्रयोगशाळेत खडकाच्या रासायनिक घटकांवरून वेगळे केलेत. रस्त्यावरून नजरेने "इथे पोलादपूर संपलं आणि आंबेनळी सुरू झालं" असं सांगता येत नाही, कोणी सांगत असेल तर त्याला नम्रपणे विचारा की कशावरून.

आणि गरम पाण्याचे झरे. महाडजवळचं सव, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजापूरचं उन्हाळे, हे बघून ज्वालामुखी अजून जिवंत आहे असं समजू नका. पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं.

टप्पा ७: भेग शोधायची तर किनाऱ्यावर या

लाव्हा ज्या भेगांमधून वर येत होता त्यातल्या काही भेगांत तो गोठून राहिला, त्याला डाईक म्हणतात. आडव्या थरांना कापत जाणारी उभी भिंत. कोकण किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारे असे बरेच आहेत, मुरूड-जंजिऱ्याच्या भागात अभ्यासकांनी नोंदलेलेही आहेत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकात ते सगळ्यात छान दिसतात, लांब रेघ समुद्रात जाताना दिसते, कधी आजूबाजूच्या कातळापेक्षा उंच, कधी खोलगट.

वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत वापरा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. हा अंदाज आहे, पक्की वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारून घ्या. तृतीया-चतुर्थी मला सोयीची वाटते, पाणी बऱ्यापैकी मागे गेलेलं असतं आणि उजेड पण चांगला मिळतो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेला कातळ बघायला लोक भरतीच्या वेळी जातात, ते करू नका, तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत.

रेघ सापडली की तीन गोष्टी बघा. ती दोन्ही बाजूच्या खडकाला सरळ कापतेय का? तिच्यातल्या चिरा आडव्या आहेत का, कारण भिंत दोन्ही बाजूंनी थंड होते म्हणून खांब आडवे पडतात. आणि कडेचा दगड भिंगाखाली मधल्या दगडापेक्षा बारीक कणांचा आहे का, कारण गार खडकाला टेकलेला लाव्हा पटकन गोठतो. तिन्हीला हो असेल तरच डाईक लिहा. नुसती वाळू भरलेली चीर किंवा शेवाळाची काळी रेघ पण लांबून अगदी तशीच दिसते.

पाणी फिरायला लागलं की वही मिटा आणि आलात त्याच वाटेने परत या, मधल्या घळीत पाणी आधी भरतं.